जिनिंगच्या कॉम्प्युटरवरचं बारसं

माझ्या नातीच्या कानात नाव सांगायला जर्मनीत एक भाडोत्री आत्या ठरवून ठेवली आहे, ही बातमी सलीलनं मला फोनवर दिली तेव्हा मी दाढी करत होतो. ब्लेड हनुवटीवर थांबलं आणि तिथं जे कापलं, त्याची खूण पुढे बारशापर्यंत टिकली.

"भाडोत्री काय हो बाबा," सलील म्हणाला, "आमच्या शेजारी नागपूरच्या एक बाई राहतात. त्या स्वतःहून म्हणाल्या, मी होते आत्या. ताईला काही इथं येता येणार नाही."

आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. आईबापांना फार तर पसंती विचारतात, आजोबांना तेवढंही विचारत नाहीत. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि त्याच वेळी मागं उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. धपाटे का घालतात हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही. पण धपाटे खाणं हा आत्याचा हक्क आहे आणि तो कोणी सोडत नाही.

आमची आत्या म्हणजे माझी मुलगी भैरवी. पुसदला शाळेत शिकवते. सलील रांगायचा तेव्हापासून त्याला कडेवर घेऊन हिंडली, त्यानं शाळेत केलेल्या मारामाऱ्या हिनं जाऊन निस्तरल्या. नाव तिनं बाळ जन्मायच्या आधीच ठरवलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. नागपूरच्या बाईंचं मी तिला कळवलं तर ती नुसती "बरं" म्हणाली. भैरवी दोन वाक्यांखाली कधी थांबत नाही. ती नुसती "बरं" म्हणाली म्हणजे पोरीला फार लागलं, एवढं मला कळतं. मलाही फार वाईट वाटलं.

म्हणून मी तसाच, अर्ध्या दाढीनिशी, सलीलला फोन लावून ठणकावून सांगितलं, "नाव भैरवीच सांगेल. कॉम्प्युटरवरून, समोरासमोर."

"कोणत्या कॉम्प्युटरवरून?" सलीलनं विचारलं.

हा 'कोणत्या' मला झोंबला. आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आहे. आर्णीच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हेडक्लार्क होतो तिथं तो वजनकाट्याच्या शेजारी असायचा. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि प्रत्येक गाडीचं वजन मी त्यात घालायचो. पुढे कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पत्रे नेले, पंखे नेले, एकानं संडासाचं दार नेलं. कॉम्प्युटरकडे कोणी बघेना, तेव्हा मी त्याला घरी आणलं. ज्याच्याबरोबर नोकरी केली त्याला भंगारात कसं जाऊ द्यायचं?

"बाबा, लॅपटॉप घ्या. नाहीतर कॅफेत जा."

कॅफेत! जिथं शाळा बुडवलेली पोरं पडदा ओढून बसतात, तिथं माझ्या नातीचं बारसं! मी फोन ठेवला आणि उरलेली अर्धी दाढी केली.

इंटरनेटला फोनची तार लागते. आमच्याकडे फोन होता, म्हणजे टीपॉयवर होता आणि त्यावर माझ्या बायकोनं, शोभानं, विणलेला रुमाल होता. मोबाईल आल्यापासून तो रुमाल कोणी उचलला नव्हता. त्यामुळे फोन बंद आहे हे मला टेलिफोन ऑफिसातल्या साहेबांकडून कळलं.

"बंद फोनवर इंटरनेट देता येत नाही," ते म्हणाले. "आधी तक्रार नोंदवा."

"मग नोंदवा ना."

"तक्रार ज्या फोनची आहे त्याच फोनवरून करावी लागते."

दुसऱ्या कोणाचं डोकं फिरलं असतं. मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. मला आधी कौतुकच वाटलं. अशी तरतूद सहज सुचत नाही, त्याला वरिष्ठ डोकं लागतं. मग मी त्यांना जुन्या ओळखी सांगितल्या, त्यांच्या सासऱ्याच्या कापसाचं वजन मीच करायचो हे निघालं, आणि लाइनमन आला.

लाइनमन खांबापासून तार धरत धरत निघाला तो आमच्या घरी न येता शेजारी भगवानरावांच्या अंगणात शिरला. भगवानरावांचं शेत गावाबाहेर, कापूस आणि तूर. घर मात्र आमच्या भिंतीला भिंत. तिथं आमची फोनची तार कडुनिंबापासून न्हाणीघरापर्यंत चांगली ताणून बांधलेली होती आणि तिच्यावर गोधड्या वाळत होत्या.

"मले काय माईत?" भगवानरावांच्या पत्नी तानाबाई म्हणाल्या. "तार तुटून लोंबून राह्यली होती. इतके दिवस झाले, तिच्यातून कोणी बोलताना काई दिसलं नाई मले."

भगवानरावांना मात्र फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी स्वतः गोधड्या काढल्या, तार सोडली, लाइनमनकडून ती जोडून घेतली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाबूसाहेब, आमच्यापायी अडलं तुमचं. आता हे काम माह्यं. नातीचं बारसं झाल्याबिगर मी काई वावरात जात नाई."

इथून माझा खरा त्रास सुरू झाला. मदत नको म्हणता येते, पण पश्चात्तापानं आलेला माणूस परत पाठवता येत नाही. त्या वर्षी भगवानरावांच्या कपाशीवर लाल्या पडला होता, पानं लाल होऊन गळाली, बोंडं धरलीच नाहीत. त्यामुळे त्यांच्याजवळ वेळही भरपूर होता.

त्यांनीच गोपालला आणलं. गोपाल पन्नाशीचा, बसस्टँडजवळ त्याचं दुकान आहे, पाटीवर 'मोटर रिवायंडिंग व कॉम्प्युटर' असं लिहिलेलं आहे. पाण्याची मोटर आणि कॉम्प्युटर यांत तो फारसा भेद करत नाही. त्यानं बटण दाबलं, कान लावला आणि म्हणाला, "घसा धरला याचा. गरम होऊन राह्यला."

मग त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत कापूस होता. बोटभर नव्हे, चांगली ओंजळभर रुई पंख्याला गुंडाळली होती, कोपऱ्यात धुळीचे गोळे होते आणि तळाशी सरकीचे दोन दाणे पडले होते. जिनिंगच्या हवेत जे उडत होतं ते या बिचाऱ्यानं वर्षानुवर्षं नाकानं ओढलं होतं. मी रोज त्याच्या शेजारी बसायचो, तेव्हा माझ्या आत किती असेल, असाही एक विचार मनात येऊन गेला.

गोपाल ती रुई फेकणार, तेवढ्यात भगवानरावांनी हात पुढे केला. त्यांनी तिच्यातला एक पुंजका घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, धागा सदऱ्याच्या बाहीवर ठेवून पाहिला.

"लांब धाग्याचा हाय," ते म्हणाले. "चांगल्या सालातला माल हाय हा, बाबूसाहेब. असा धागा आता कोठी पाह्याले भेटते?"

आणि तो पुंजका त्यांनी खिशात ठेवला.  गोपालनं उरलेली रुई न फेकता कागदात बांधून ठेवली.

रुई निघाली तरी यंत्र तापतच होतं. त्यावर भगवानरावांनी उपाय काढला. ते घरून कूलर घेऊन आले. उन्हाळा ऐन भरात, माणसं घामानं निथळताहेत, आणि आमच्या बैठकीत वाळ्याची गार हवा त्या उघड्या डब्यावर सोडलेली. शोभा पदरानं वारा घेत उभी होती. ती म्हणाली, "माझ्या बाळंतपणात सुद्धा एवढं कोणी केलं नव्हतं." कूलरमधून थोडे शिंतोडेही उडायचे. गोपालनं ते पाहिलं आणि तो किंचाळलाच, "अहो भगवानराव, हे काय म्हैस हाय काय पाणी माराले?" तेव्हापासून कूलर लांब ठेवून मध्ये सोफ्यावरच्या कापडाचा पडदा लावण्यात आला.

आता सॉफ्टवेअर. आम्ही व्हिडिओचा प्रोग्राम सुरू केला तर तो म्हणाला, तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला गेलो तर तो म्हणाला, तुमची सिस्टिम जुनी आहे, नवी घ्या. नवी सिस्टिम म्हणाली, या यंत्रावर मी बसणार नाही. तहसीलमध्ये रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड मागतात आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला, त्यातला हा प्रकार. फक्त तहसीलमध्ये एखादा माणूस तरी असतो, त्याला चहा पाजता येतो. इथं एक चौकोन उघडायचा आणि त्यात 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच यायचं. हे वाक्य मी खिडकीतून शेकडो लोकांना ऐकवलं आहे. बाहेरून ते इतकं वाईट लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

सल्ले तर गल्लीभरून येत होते. कोणी म्हणालं मेमरी वाढवा, कोणी म्हणालं व्हायरस असेल, लिंबू उतरवा. दोन्ही सल्ले एकाच माणसाचे होते. शेवटी गोपालनं कुठून तरी त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती मिळवली आणि ती यंत्रानं मुकाट्यानं घेतली. जुन्या माणसाचं जुन्या माणसाशी पटतं.

पटलं म्हणजे किती, ते चाचणीच्या दिवशी कळलं. चित्र यायचं तेव्हा आवाज जायचा, आणि आवाज यायचा तेव्हा चित्र जागच्या जागी थिजायचं. दोन्ही एकदम मागितलं की यंत्र हँग. सलीलला त्या दिवशी बराच वेळ भगवानरावांचं पोटच दिसत होतं, कारण गोपालनं दुकानातून आणलेला कॅमेरा ज्या कॅलेंडरच्या खिळ्याला बांधला होता तो त्याच उंचीवर होता. मग मी पुढे झालो आणि "ऐकू येतंय का?" असं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात चित्र थिजलं. माझ्या सुनेनं मला तसं, उघड्या तोंडानं, थेट घशापर्यंत पाहिलं. सासऱ्याची काही एक प्रतिष्ठा असते. ती त्या दिवशी गेली.

सलीलचा मोबाईलवर फोन आला. "बाबा, राहू द्या आता. पाहुणे बोलावले आहेत, ऐनवेळी असा घोळ नको. तुम्ही नुसतं बघा. नाव त्या बाई सांगतील."

"घोळ झाला म्हणून पाहुणे जेवायचे थांबणार आहेत का?" मी म्हणालो. "रविवारी भैरवी इथं येणार आहे. मी तिला शब्द दिला आहे." मला याहून चांगलं काही सुचलं नाही.

रविवारी भैरवी पुसदहून सकाळच्या गाडीनं आली. आत्याला नेसायची म्हणून ठेवणीतली जांभळी साडी आणली होती. तिनं कॉम्प्युटर पाहिला, उघडा डबा पाहिला, पडद्याआडचा कूलर पाहिला, आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं सगळं केलंत?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरसाठी केलं." आणि कूलरपुढचा पडदा उगाच सारखा करायला लागलो.

जर्मनीत दुपार व्हायची होती तेव्हा आमच्याकडे साडेतीन वाजले होते. पाचला भारनियमन. शोभानं कॉम्प्युटरसमोर पाट मांडला, रांगोळी काढली, पडद्याच्या काचेला हळदकुंकू लावणार होती, गोपालनं हात जोडून तिला थांबवलं. गल्लीतल्या बायका धपाटे घालायला जमल्या, त्यांत तानाबाई सर्वांत पुढे. घुगऱ्यांचं पातेलं मधोमध ठेवलं होतं. भगवानराव धुवट धोतर नेसून कूलरपाशी उभे राहिले.

चित्र आलं! पाळणा दिसला, फुगे दिसले, आणि पाळण्यात पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली माझी नात दिसली. डोळे मिटून झोपलेली. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम "अगं बाई" म्हणाल्या. आवाज अर्थातच नव्हता.

"सलील, ऐकू येतं का?" भैरवी ओरडली. काही नाही. गोपालनं आवाजाचं बटण दाबलं, चित्र थरथरलं, म्हणून त्यानं घाईघाईनं हात काढला. तिकडे आमच्याकडून काहीच येत नाही म्हणून लोक घड्याळ पाहायला लागलेले दिसले. आणि मग चित्राच्या कडेला एक हिरवा काठ आला. चित्र थांबलं. पुन्हा सुटलं, तेव्हा हिरव्या साडीतल्या एक बाई आत आलेल्या होत्या. पुन्हा थांबलं. सुटलं, तेव्हा बाईंनी पदर खोचला होता. नागपूरच्या बाई! आमच्या डोळ्यांदेखत, धक्क्याधक्क्यानं, त्या पाळण्याकडे सरकत होत्या आणि आम्हाला त्यांना "थांबा" म्हणता येत नव्हतं. मी तरीही म्हणालो. भगवानराव तर दोन्ही हात आडवे पसरून पडद्यासमोर उभे राहिले, मोकाट गुरं अडवतात तसे.

"भगवानराव, बाजूला व्हा, दिसत नाही!" शोभा ओरडली.

भैरवी जागची उठली. मला वाटलं, पोरगी आत जाऊन रडणार. तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, मोबाईल काढला आणि सलीलला लावला. मोबाईलमधून तिकडची घंटी आम्हाला ऐकू आली, पण चित्रातला सलील अजून कुणाला तरी पेढा देत होता.

"सलील," ती म्हणाली. हा आवाज मी ओळखतो. याच आवाजात तिनं त्याला शाळेत पोचवलं आहे. "फोन तिच्या कानाला लाव. आत्ता. आणि त्या बाईंना म्हणावं, थोडं मागं सरका."

 भैरवी पाटावर बसली, फोन दोन्ही हातांत धरला, खाली वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुर्र…" मग फक्त तिच्या ओठांची हालचाल दिसली. नाव आमच्यापैकी कोणालाच ऐकू आलं नाही. ते ज्या कानासाठी होतं त्या कानात गेलं.

आणि मग धपाटे पडले. तानाबाईंचा हात जन्मभर कापूस वेचलेला, त्याचा आवाज जर्मनीपर्यंत गेला असावा. भैरवी हसत होती आणि डोळे पुसत होती. धपाट्यांच्या कोलाहलातून फोनमधून सलीलचा आवाज आला, "ताई! ताई, हसली! तुझा आवाज ऐकून हसली गं! डोळे उघडून हसली!"

आम्ही सगळे पडद्याकडे वळलो. पडद्यावर नात शांत झोपलेली होती. हिरव्या साडीच्या बाई अजून पाळण्याकडे निघालेल्याच होत्या. यंत्र आपल्या चालीनं मागून येत होतं.

"थांबा," गोपाल कुजबुजला. "येऊन राह्यलं. कोणी हात लावू नका."

 इतकी माणसं एका गोष्टीची वाट पाहत बसलेली मी जिनिंगात भाव जाहीर व्हायच्या वेळी पाहिली आहेत, पण तेव्हा काय येणार ते कोणाला ठाऊक नसायचं. इथं ठाऊक होतं. हसू वाटेत होतं. ते जर्मनीहून निघालं होतं, खांबावरून, तानाबाईंच्या कडुनिंबाजवळून येत होतं. चित्र सुटलं, बाई मागं सरल्या. सुटलं, सलील फोन धरून वाकला. सुटलं, दुपटं हललं. आणि मग डोळे उघडले, गाल वर गेले, आणि माझी नात बिनदाताचं तोंड पसरून आमच्या सगळ्यांकडे पाहून हसली.

आणि कॉम्प्युटर हँग झाला.

"मधुवंती!" भैरवीनं तेव्हा कुठे नाव सांगितलं. तानाबाई म्हणाल्या, "लय मोठं हाय बाप्पा. आमी मधी म्हणू."

"बंद करून पुन्हा लावतो," गोपाल म्हणाला, "आवाजाचं पाहतो."

"हात लावशील तर याद राख," मी म्हणालो.

तिकडे जर्मनीत ते हसू केव्हाच ओसरलं असणार. बाळ रडलं, दूध प्यालं, झोपलं, सलीलनं फोनवर सगळं सांगितलंही. नवी यंत्रं भरभर पुढे जातात, त्यांच्याकडे काही टिकत नाही. आमच्याकडे ते तसंच राहिलं. गल्ली येऊन पाहून गेली. ज्यांनी लिंबू उतरवायला सांगितलं होतं तेही आले आणि आपल्याच सल्ल्याचा गुण म्हणून घुगऱ्या घेऊन गेले. नागपूरच्या बाईंचा फोन आला, फार बऱ्या होत्या, भैरवी त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलत बसली. माझ्या लक्षात आलं की एका फोनवर होणारं काम मी टेलिफोन ऑफिस, कूलर आणि सगळी गल्ली लावून केलं होतं. ते मी कोणाला बोललो नाही. शोभानं ते बोलून दाखवलं, पण पडद्याकडे पाहत, म्हणून मी सोडून दिलं.

भगवानराव पडद्यापुढून हलायला तयार नव्हते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "बाबूसाहेब," ते म्हणाले, "यंदाच्या साली माह्या घरी कोणी असं हसलं नाई. बरं वाटून राह्यलं पाहून." तानाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि दोघंही पाहत राहिले.

पाच वाजले. भारनियमनाला आमच्या गावात कधी उशीर होत नाही. पंखा मंदावला, कूलरचा आवाज बसत गेला आणि पडदा काळा झाला.

मला एकदम काय वाटलं ते सांगता येत नाही.  मग तानाबाईंनी हळूच पदर सावरला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "निजली वाटते."

सगळे तसेच उठले. भगवानरावांनी टोपी घातली, बायकांनी बांगड्या वाजू नयेत म्हणून हात धरले, गोपालनं आपली पेटी उचलून काखेत घेतली. दारात चपला शोधतानासुद्धा कोणी मोठ्यानं बोललं नाही.